लोखंड तापवा, पण काळं पडू देऊ नका!

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस, आई आणि हॉस्टेलची मेस या तीन विषयांवर भरभरून लिहिलं जातं. भट्टीवर मात्र कुणीच लिहीत नाही. टेक्निकल लेख म्हटला की तो इंग्लिश सेक्शनमध्येच जायचा, असा जणू नियमच! मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ऑक्सिडेशनला ‘ऑक्सिडीकरण’ आणि रिडक्शनला ‘क्षपण’ म्हणतात हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात कळलं. पण वर्कशॉपमधले मामा, ट्रेनिंगला भेटलेले कामगार, भट्टी भरणारे काका हे सगळे मराठीतच बोलतात आणि हा विषय मला खरा कळला तो त्यांच्याच भाषेत. म्हणून हा लेख मराठीत.

विषय तसा साधा आहे. स्टीलचा पातळ पत्रा भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवायचा, पण बाहेर काढल्यावर त्याच्यावर काळी खपली दिसता कामा नये. जमेल का? जमतं. कसं जमतं आणि ते इतकं महत्त्वाचं का आहे, ते या लेखात सांगते.

मुळात तापवायचंच कशाला?

गाडीच्या दारापासून कपाटापर्यंत जो गुळगुळीत पत्रा आपण बघतो तो कोल्ड रोलिंगने बनतो. म्हणजे थंड असतानाच रोलमधून दाबून दाबून पातळ केलेला. या दाबादाबीत स्टीलच्या आतले स्फटिककण चेपून लांबट होतात, पत्रा कडक होतो आणि प्रेसखाली घातला तर सरळ फाटतो.

हे कुठल्याही घरात समजावून सांगता येतं. कणीक मळून लगेच पोळी लाटायला घेतली तर ती आखडते, लाटणं उचललं की परत आकसते. तीच कणीक अर्धा तास झाकून ठेवली की गुमान लाटली जाते. पत्र्यालाही अशी विश्रांती लागते, फक्त ती साधारण ६५० ते ७२० अंश सेल्सिअसला द्यावी लागते. त्या तापमानाला चेपलेल्या कणांच्या जागी नवे, ताण नसलेले कण जन्माला येतात आणि पत्रा पुन्हा मऊ होतो. याला आपण ॲनीलिंग म्हणतो. मराठीत ‘अनुशीतन’ असा छान शब्द आहे.

दुसरं काम याच्या अगदी उलट, म्हणजे पत्रा कडक करणं. स्प्रिंग, करवतीचं पातं, क्लिप वगैरे वस्तूंसाठी जास्त कार्बनचा पत्रा ८०० अंशांच्या थोडं वर तापवून तेलात बुडवतात आणि नंतर कमी तापमानाला टेंपर करतात.

दोन्ही कामांत संकट एकच, ते म्हणजे हवा. आता कणकेकडे परत बघा. आई ती नुसती ठेवत नाही, झाकून ठेवते. झाकली नाही तर वरून कोरडा पापुद्रा धरतो आणि पोळीत गाठी येतात. पत्र्यालाही झाकण हवं. मग पत्र्याचं झाकण कशाचं? आपल्या सगळ्या विषयाचा सारांश या एका प्रश्नात आला.

खपलीचं गणित

स्वच्छ घासलेला स्टीलचा तुकडा बर्नरवर हळूहळू तापवून बघा. साधारण २२० अंशांना तो गवती पिवळा दिसतो, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० ला निळा. हे रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसे रंग दिसतात तसाच हा प्रकाशाचा खेळ. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं, फक्त चेहरा बदललेला असतो.

खरा प्रकार ५७० अंशांच्या वर सुरू होतो. तिथून पुढे खपलीत तीन थर असतात. सगळ्यात आत, लोखंडाला लागून वुस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट आणि अगदी वर हेमॅटाइट. तापमान चढलं की यातला बहुतेक भाग वुस्टाइटचाच असतो, आणि तो फार झपाट्याने वाढतो कारण त्याच्या जाळीत लोखंडाच्या अणूंच्या जागा रिकाम्या असतात. त्या रिकाम्या जागांमधून लोखंड आतून बाहेर सरकत येतं आणि ऑक्सिजनला भेटतं. म्हणजे खपली वरून बसत नाही, पत्रा स्वतःच झिजून खपली होतो!

आता हिशोब करू. लोखंडाचं वुस्टाइट झालं की ते फुगतं, साधारण पावणेदोन पट. म्हणजे ५० मायक्रॉन जाडीची खपली आली तर जवळजवळ ३० मायक्रॉन लोखंड गेलं. दोन्ही बाजू धरल्या तर ६०. १ मिलिमीटरचा पत्रा ०.९४ राहिला. ‘सहा टक्केच तर गेले!’ असं कुणी म्हणेल. पण स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ०.९४ चा घन करा, ०.८३ येतो. सहा टक्के जाडी गेली आणि सतरा टक्के ताकद गेली! पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर तीच खपली बत्तीस टक्के ताठपणा खाते. जाड शाफ्टला जी खपली म्हणजे किरकोळ मळ, ती पातळ पत्र्याला जीवघेणी.

शिवाय लोखंडाबरोबर वरच्या थरातला कार्बनही जळून जातो. म्हणजे जे उरलं त्याची कातडी मऊ. स्प्रिंगला सगळ्यात जास्त ताण कुठे येतो? कातडीवरच. म्हणून ती नेमकी तिथून तडकते.

‘ॲसिड स्वस्त आहे’

मग खपली आली तर काढून टाका की! काढतातच. हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत माल बुडवायचा, याला पिकलिंग म्हणतात. नावावरून लोणचं वाटतं, पण चव न घेतलेली बरी.

सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये महिनाभर जात होते. तिथे ॲसिडच्या टाकीवर एक काका होते, साधारण माझ्या बाबांच्या वयाचे. हातमोजे होते, पण एका बोटाला फाटलेले. एक्झॉस्ट पंखा होता, पण बंद. मी विचारलं, “काका, त्रास नाही होत?” ते म्हणाले, “ताई, आता सवय झाली. रात्री झोपताना तेवढा खोकला येतो. दात बघा कसे झालेत.” आणि खरंच, त्यांच्या पुढच्या दातांच्या कडा झिजून गेल्या होत्या. ॲसिडच्या वाफेत वर्षानुवर्षं काम केलं की दातांचं एनॅमल विरघळतं, हे मी नंतर वाचलं. मालकांना मी विचारलं की माल काळा होऊच नये असं काही करता येणार नाही का? त्यांनी हसून उत्तर दिलं, “बेटा, गॅस महाग आहे. ॲसिड स्वस्त आहे.”

ॲसिड खरंच स्वस्त असतं का? त्यात दात धरले आहेत का? वापरून झालेलं ॲसिड चुना घालून शांत करायला लागतं त्याचा खर्च धरला आहे का? आणि कडक केलेल्या स्प्रिंगचं काय? ॲसिड खपली खाऊन झाल्यावर लोखंडालाही लागतं आणि हायड्रोजन सुटतो. तो अणूरूपात स्टीलमध्ये शिरतो आणि कडक स्टील ठिसूळ करतो. स्प्रिंग तपासणीत पास होते, डब्यात भरली जाते, आणि दोन दिवसांनी नुसती ताणून ठेवलेली असताना कटकन तुटते. हे टाळायला पिकलिंगनंतर पुन्हा काही तास दोनशे अंशांच्या आसपास भाजावं लागतं. म्हणजे स्वस्त ॲसिडचा हिशोब लांबतच जातो.

तेव्हा खपली काढण्यापेक्षा येऊच न देणं शहाणपणाचं. त्याचे मार्ग आता बघू.

मार्ग पहिला : डबा आणि कोळसा

सगळ्यात जुना आणि गरिबाला परवडणारा मार्ग म्हणजे लोखंडी डब्यात माल भरून, झाकण लावून, फटी मातीने लिंपून भट्टीत ठेवायचा. यात हवा किती नुकसान करते ते काढू. एक लिटर हवेत ऑक्सिजन पाव ग्रॅमच्या थोडा वर असतो. तो सगळा वापरला गेला तरी एक ग्रॅमपेक्षा कमी लोखंड जळेल. ते हजार चौरस सेंटिमीटर पत्र्यावर वाटलं तर थर येतो सव्वा मायक्रॉनचा! म्हणजे डब्यात कोंडलेली हवा हा मोठा शत्रू नाहीच.

मोठा शत्रू वेगळा आहे. डबा श्वास घेतो. तापताना आतली हवा प्रसरण पावते आणि फटीतून बाहेर जाते. ८०० अंशांना आत जेमतेम पाव भागापेक्षा थोडी जास्त हवा उरते. गार व्हायला लागला की डबा बाहेरची ताजी हवा आत ओढतो, आणि तीही पत्रा अजून लाल असताना! शिवाय लांबलचक तापवणीत फटीतून थोडी थोडी हवा झिरपतच असते.

म्हणून डब्यात लाकडी कोळशाचा चुरा भरतात. आत आलेला ऑक्सिजन पत्र्यापर्यंत पोचायच्या आत कोळसा त्याला गाठतो. आधी कार्बन डायऑक्साइड होतो, मग तो पुन्हा तापलेल्या कोळशावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड होतो. हाच मोनॉक्साइड झोतभट्टीत खनिजातला ऑक्सिजन ओढून लोखंड मोकळं करतो, तेव्हा तो असताना पत्र्याला खपली कशी धरणार? काही ठिकाणी कोळशाऐवजी बिडाचा भुगा वापरतात. स्वतः जळून पत्र्याला वाचवायचं काम तोही करतो.

पथ्यं मात्र तीन. कोळसा कोरडा खडखडीत हवा, कारण ओल म्हणजे वाफ आणि वाफ म्हणजे पुन्हा ऑक्सिजन. कमी कार्बनचा पत्रा ९०० च्या वर कोळशात ठेवू नये, नाहीतर तो कार्बन पिऊन कडक होतो. (ते मुद्दाम केलं तर त्याला केस हार्डनिंग म्हणतात!) आणि तिसरं, मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. खिडक्या उघड्या आणि पंखा चालू, यात तडजोड नाही.

मार्ग दुसरा : लेप, मीठ आणि पाकीट

सोनार टाकणखार वापरतो हे तुम्ही पाहिलं असेल. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तापला की तो वितळून काचेसारखा पसरतो, आलेला ऑक्साइड विरघळवतो आणि हवा अडवतो. बाजारात मिळणारे खपलीविरोधी लेप बरेचसे याच तत्त्वावर चालतात. कल्हईवाल्याचा नवसागर याचाच भाऊबंद. तापलेल्या पितळेवर नवसागर टाकला की पांढरा धूर येतो, त्यातलं ॲसिड ऑक्साइड खाऊन टाकतं आणि त्या क्षणी कथील चमचमत पसरतं. भट्टीशास्त्राचा पहिला धडा आपल्या आज्यांच्या दारातच शिकवला जात होता!

मिठाच्या भट्टीत पत्रा वितळलेल्या क्षारात बुडवतात. हवेचा संबंधच येत नाही, आणि बाहेर काढल्यावरही अंगाला चिकटलेला क्षाराचा पातळ थर तेलात जाईपर्यंत राखण करतो. पण ओला तुकडा यात गेला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं मीठ अंगावर उडतं. फार काळजीचं काम.

टूल रूममध्ये तिसरी युक्ती दिसते. स्टेनलेस स्टीलच्या ५० मायक्रॉनच्या फॉइलचं पाकीट करून, कडा दोनदा दुमडून, त्यात वस्तू ठेवतात. हवेत गार होऊन कडक होणाऱ्या टूल स्टीलसाठी हे उत्तम. पण साध्या कार्बन स्टीलचा पातळ पत्रा एका सेकंदाच्या हिशोबात गार व्हावा लागतो. पाकीट फोडत बसलो तर गाडी सुटली.

मार्ग तिसरा : गॅसचं झाकण

मोठ्या कारखान्यात टनांनी पत्रा येतो. तिथे झाकण गॅसचंच. सोपं वाटतं की नायट्रोजन भरला की झालं. पण इथे थर्मोडायनॅमिक्स आडवं येतं. ७०० अंशांना लोखंड आणि वुस्टाइट यांच्या समतोलाला लागणारा ऑक्सिजनचा दाब इतका कमी आहे की तो ॲटमॉस्फिअरमध्ये लिहिताना दशांशचिन्हानंतर वीसहून जास्त शून्यं काढावी लागतात. एवढा शुद्ध नायट्रोजन कुठलाच सिलिंडर देत नाही. एवढी निर्वात पोकळी कुठलाच पंप करत नाही. शुद्ध नायट्रोजनमध्ये किंवा व्हॅक्यूममध्ये पत्रा बऱ्यापैकी चमकदार राहतो तो उरलेला ऑक्सिजन फार थोडा असतो म्हणून. लोखंडाची भूक संपलेली नसते, ताट रिकामं असतं इतकंच.

म्हणून सोबत हायड्रोजन देतात. तो नुसता हवा अडवत नाही, ऑक्सिजन पकडून त्याचं पाणी करतो. पूर्वीपासून वापरात असलेलं एक मिश्रण म्हणजे साधारण ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के हायड्रोजन. दुसरा मार्ग अमोनियाचा. तापलेल्या निकेल उत्प्रेरकावरून अमोनिया सोडला की तो फुटून ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के नायट्रोजन मिळतो. आणि आधुनिक बेल भट्ट्यांत तर सरळ १०० टक्के हायड्रोजन. त्याचं कारण फक्त रसायन नाही. हायड्रोजन नायट्रोजनपेक्षा जवळजवळ सातपट चांगला उष्णतावाहक आहे, त्यामुळे गुंडाळलेल्या कॉइलच्या पोटापर्यंत उष्णता लवकर पोचते.

पण हायड्रोजनने पकडलेल्या ऑक्सिजनचं पाणी होतं ना? मग पाणी वाढलं तर? तेच तर कळीचं आहे. वाफ लोखंडाला ऑक्सिजन देते, हायड्रोजन तो परत घेतो. जिंकतो कोण, हे दोघांच्या प्रमाणावर ठरतं. ७०० अंशांना हायड्रोजन वाफेच्या तिपटीहून जास्त असेल तर लोखंड सुरक्षित. कुठल्या धातूला किती प्रमाण लागतं हे एका नजरेत दाखवणारा तक्ता हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये मांडला. आपण तो तोंडी परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरतो, पण भट्टीवाल्याचा तो खराखुरा नकाशा आहे.

आता गंमत बघा. पत्रा गार व्हायला लागला की लोखंडाची अट कडक होत जाते. ७०० ला तिप्पट हायड्रोजन पुरत होता, तर ४०० ला त्याच वाफेसाठी कितीतरी पट जास्त लागतो. म्हणजे जो गॅस गरम पत्र्याला सांभाळतो तोच गॅस गार होणाऱ्या पत्र्याला निळा करू शकतो! म्हणून भट्टीतून बाहेर आलेल्या पत्र्याला निळसर झाक असेल तर तापवताना काय झालं यापेक्षा गार होताना काय झालं, हे आधी तपासायचं.

वाफ किती आहे हे मोजायचं साधन म्हणजे दवबिंदू. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, तसा कुठल्या तापमानाला या गॅसला घाम फुटेल, तो आकडा. दवबिंदू शून्य अंश म्हणजे गॅसमध्ये सुमारे ०.६ टक्के पाणी. उणे ४० म्हणजे दहा लाख भागांत फक्त १२७ भाग. साध्या पत्र्याला भट्टीवाले शक्य तेवढा कोरडा गॅस देतात. स्टेनलेसची तर गोष्टच वेगळी. त्यातल्या क्रोमियमला ऑक्सिजनचं इतकं वेड की १०५० अंशांच्या आसपास उणे ४० पेक्षाही खालचा दवबिंदू सांभाळावा लागतो. तो सांभाळला तर पत्रा आरशासारखा बाहेर येतो. त्या फिनिशला बाजारात बीए म्हणतात, म्हणजे ब्राइट ॲनील्ड.

बेल भट्टीत कॉइल एकावर एक रचून त्यावर आधी आतलं झाकण आणि त्यावर तापवणारी मोठी घंटा ठेवतात. तापवून झालं की घंटा उचलतात, पण आतलं झाकण तसंच राहतं आणि कॉइल गॅसमध्येच गार होतात. आठवतंय ना, रंग २२० पासून चढायला लागतो? त्याच्या बरंच खाली आल्याशिवाय झाकण हलवायचं नाही. घाई केली की दोन दिवसांची मेहनत निळी.

सेंझिमीर यांची युक्ती

या विषयात मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे ताडेउश सेंझिमीर, १८९४ साली जन्मलेला पोलिश इंजिनिअर. त्याआधी शांघायमध्ये खिळे आणि तारांचा कारखाना चालवलेला. पत्र्यावर जस्त नीट चिकटत नाही, हा त्या काळचा प्रश्न. चिकटत नाही कारण मध्ये तेल आणि ऑक्साइड असतं. त्यांनी १९३० च्या दशकात पद्धत काढली ती अशी : पत्रा आधी उघड्या ज्वाळेतून न्यायचा, म्हणजे तेल जळेल आणि ऑक्साइडचा पातळ, सारखा थर येईल. मग हायड्रोजनच्या भट्टीत तो थर परत लोखंड करून टाकायचा, त्यातच ॲनीलिंगही उरकायचं. आणि तिथून हवेचं तोंडही न दाखवता पत्रा थेट वितळलेल्या जस्तात! ॲसिडची टाकीच लागली नाही. शत्रूला मुद्दाम घरात घेऊन, त्याच्याकडून झाडू मारून घेऊन मग हाकलून दिलं. आजचा गॅल्व्हनाइझ्ड पत्रा याच कल्पनेच्या वारसदार लाइनवर बनतो.

हायड्रोजनशी गाठ

एवढं कौतुक केलं, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असेल तर ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे भट्टीत हवा असताना हायड्रोजन कधीच सोडत नाहीत. आधी नायट्रोजनने हवा पूर्ण बाहेर काढायची, मगच हायड्रोजन आत. आणि बंद करताना उलट क्रमाने. बाहेर पडणारा हायड्रोजन तोंडाशीच पेटता ठेवतात. त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. त्यामुळे ‘घरी करून बघा’ या सदरात हा प्रयोग अजिबात बसत नाही.

आमच्या स्प्रिंगा

हे सगळं मी का वाचलं? आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट टोकणयंत्राचा होता. ग्रुपमधल्या एका मित्राचे वडील मराठवाड्यात सोयाबीन करतात. त्यांच्या यंत्रात बी सोडणाऱ्या पडद्याला १ मिलिमीटरच्या पत्र्याची छोटी स्प्रिंग असते. ती मऊ पडली की पडदा उघडा राहतो आणि एका जागी दोन-तीन बिया पडतात. तुटली तर ती ओळ रिकामी. पाऊस पडल्यावर पेरणीला चार दिवस मिळतात, त्यात स्प्रिंग शोधायला तालुक्याला कोण जाणार? काकांनी आम्हाला सांगितलं होतं, “प्रोजेक्टला मार्क कितीही पडू देत, मला जूनच्या आधी बारा स्प्रिंगा पाहिजेत.”

आपल्या लॅबच्या मफल भट्टीला गॅसची लाइन नाही. म्हणून आम्ही मामांच्या सल्ल्याने कोळशाचा डबा केला. ०.८ टक्के कार्बनचा पत्रा, आदल्या दिवशी भाजून कोरडा केलेला कोळसा, झाकणाला मातीचा लेप. तुलनेसाठी एक तुकडा मुद्दाम उघडाच ठेवला. दोन्ही ८२० अंशांना तासभर. तेलाची बादली भट्टीला अगदी खेटून, स्प्रिंगा तारेला अडकवलेल्या, म्हणजे झाकण उडवलं की दोन सेकंदांत तेलात. ते काम फेस शील्ड लावून मामांनीच केलं. “तुम्ही मागे उभं राहायचं आणि तोंडाने मोजायचं,” अशी आम्हाला ड्युटी होती.

उघडा तुकडा घासून मायक्रोमीटरखाली धरला, ०.९४. डब्यातले ०.९९. गणित कागदावरून उतरून हातात आलं त्या दिवशी! चौदापैकी दोन तेलात वाकडे झाले होते, ते टेंपर करताना दोन जाड सपाट पट्ट्यांमध्ये आवळून ठेवले आणि सरळ झाले. टेंपरिंग ४०० अंशांना उघड्यावरच केलं, त्यामुळे निळसर राखी रंग आला. तो आम्ही राहू दिला. रंग म्हणजे चेहरा. जाडी शाबूत होती. कडकपणा रॉकवेल सी ४६ च्या आसपास. बारा स्प्रिंगा मे महिन्यातच गावी पोचल्या, दोन आमच्या रिपोर्टला लावल्या. आणि ॲसिड? एक थेंबही लागलं नाही.

जाता जाता

आपल्या डिपार्टमेंटला माझं एक सांगणं आहे. मफल भट्टीत बसेल असा एक बंद स्टीलचा डबा, त्याला दोन नळ्या, आणि एक नायट्रोजनचा सिलिंडर, एवढं जरी केलं तरी पुढच्या बॅचला कोळसा भाजत बसावं लागणार नाही. त्यापुढे जाऊन एक प्रोजेक्ट असा व्हावा, की छोट्या वर्कशॉपला परवडेल असा गॅसचा डबा किती रुपयांत होतो आणि ॲसिड, चुना, परत भाजणं, वाया गेलेला पत्रा हे सगळं धरून त्याचे पैसे किती महिन्यांत सुटतात. मालक लोक भावनेने ऐकत नाहीत, पण हिशोब नीट मांडला तर ऐकतात. आणि त्या हिशोबाच्या वहीत टाकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या खोकल्याचा आणि दातांचा रकाना कुणीतरी आखायला हवा. तो आखायला इंजिनिअरच लागतो.